एका टूलला चालणारी डब्ल्यूएसडीएल दुसऱ्याला का चालत नाही?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. व्हेंडरने त्याच्या जुन्या डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा मंच) सेवेची डब्ल्यूएसडीएल दिली आहे, म्हणजे सेवेत कोणती कामं आहेत आणि मेसेज कसे दिसतात हे सांगणारी एक्सएमएल फाईल. ती सोपयूआय या सेवा तपासायच्या टूलमध्ये विनातक्रार उघडते, रिक्वेस्ट जाते, उत्तर येतं. तीच फाईल जावा 8 च्या डब्ल्यूएसइम्पोर्टला (डब्ल्यूएसडीएलवरून जावा क्लास लिहून देणारं टूल) दिली की तीन तक्रारी येतात: 'एस:स्किमा' नावाचं एलिमेंट सापडत नाही, एका टाईपचं नाव रिझॉल्व्ह होत नाही, आणि एक एक्सएसडी (स्किमाची, म्हणजे डेटाच्या रचनेची फाईल) वाचायला परवानगी नाही. एक्सएमएल एडिटरमध्ये टाकली तर तिथे आणखी वेगळ्याच लाल रेघा. व्हेंडर म्हणतो, ‘आमच्याकडे चालतं.’ आणि तुम्ही विचारताय, चूक फाईलची की टूलची?

हा निवाडा करण्यात मी पूर्वी बरेच दिवस घालवलेत. फायदा काही झाला नाही. व्हेंडर चूक मान्य करत नाही, टूल बदलत नाही आणि रिलीजची तारीख तर त्याहून हलत नाही. त्यापेक्षा गाडी नेमकी कुठल्या थरात अडली आहे ते शोधा. एका डब्ल्यूएसडीएलमध्ये तीन गोष्टी एकावर एक रचलेल्या असतात. तळाला साधं एक्सएमएल: टॅग नीट बंद आहेत का, एन्कोडिंग सांगितलंय तेच आहे का. त्यावर 'टाइप्स' ब्लॉकमधला एक्सएसडी स्किमा: कुठल्या फील्डचा प्रकार काय. आणि सगळ्यात वर मेसेज, पोर्टटाईप, बाइंडिंग: ऑपरेशनं कोणती आणि सोपचं (सेवेशी एक्सएमएल मेसेजने बोलायची पद्धत) पाकीट प्रत्यक्षात कसं दिसणार.

प्रत्येक टूल यातलं आपल्या कामापुरतं वाचतं. एडिटर खालच्या दोन थरांत रमतो. सोपयूआय स्किमावरून रिक्वेस्टचा सांगाडा तयार करतो, जिथे काहीही येऊ शकतं तिथे एक कॉमेंट टाकतो आणि पुढे तुम्ही जे टाईप कराल ते तसंच्या तसं पाठवून देतो. डब्ल्यूएसइम्पोर्टला ही चैन परवडत नाही. त्याला प्रत्येक टाईपचा जावा क्लास लिहायचा असतो, त्यामुळे एकही नाव अर्धवट राहिलं तर तो हात वर करतो. म्हणजे ‘सोपयूआयमध्ये चालतं’ याचा अर्थ एवढाच, की नेटवर्क, पत्ता, लॉगिन आणि मेसेजचा आकार ठीक आहे. पण हे ‘एवढंच’ फार मोलाचं आहे. ती चाललेली रिक्वेस्ट आणि तिचं उत्तर आत्ताच दोन फाईलींत जपून ठेवा. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

हा गोंधळ मुळातच का आहे, ते थोडक्यात. ज्या डब्ल्यूएसडीएल 1.1 वर आजही सगळं जग चालतं, ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची मान्यताप्राप्त शिफारस कधी झालीच नाही. एरिबा, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी दिलेला तो मसुदा 15 मार्च 2001 रोजी नुसती 'नोट' म्हणून छापला गेला. एक्सएमएल स्किमा शिफारस म्हणून आला 2 मे 2001 ला, म्हणजे दीड महिन्यानंतर. घर आधी बांधलं, पाया नंतर भरला! त्या नोटमधली उदाहरणं स्किमाच्या ऑक्टोबर 2000 च्या मसुद्याचा नेमस्पेस (नाव कुठल्या संचातलं हे सांगणारी ओळख) वापरतात. शिवाय तिच्यात डब्ल्यूएसडीएलच्याच इम्पोर्ट टॅगने थेट एक्सएसडी फाईल ओढून घेतल्याचं उदाहरण आहे. पुढे डब्ल्यूएस-आय या संस्थेने 2004 मध्ये बेसिक प्रोफाइल काढून ते बंद केलं: डब्ल्यूएसडीएलचा इम्पोर्ट फक्त डब्ल्यूएसडीएलसाठी, एक्सएसडीसाठी स्किमाच्या आतला इम्पोर्ट वापरायचा. त्याच प्रोफाइलने ‘एन्कोडेड’ प्रकार (मेसेजमध्येच किमतींचे टाईप लिहायची पद्धत) बाद केला आणि फाईल 11 फेब्रुवारी 2003 च्या सुधारित स्किमाप्रमाणे तपासावी असं सांगितलं, कारण मूळ नोटसोबतचा स्किमा तिच्याच मजकुराशी पूर्ण जुळत नव्हता. डब्ल्यूएसडीएल 2.0 ही रीतसर शिफारस 2007 मध्ये आली खरी, पण तोवर सगळ्यांचे संसार 1.1 वर थाटून झाले होते आणि बहुतेक टूलांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्यामुळे 2003 च्या आसपास लिहिलेली फाईल 'नोट'प्रमाणे बरोबर आणि प्रोफाइलप्रमाणे चूक असू शकते. तुमचा एडिटर कुठला स्किमा घेऊन तपासतोय यावरही लाल रेघा बदलतात. एडिटरच्या रेघांचं फार मनावर घेऊ नका, एवढंच त्याबद्दल म्हणेन.

आता तुमच्या तीन तक्रारी. शेवटची आधी घेतो, कारण ती पाच मिनिटांची आहे.

एक्सएसडी वाचायला परवानगी नाही, ही जावा 8 ची सुरक्षा आहे. त्या आवृत्तीपासून बाहेरच्या स्किमा फाईली आपोआप ओढणं बंद केलं गेलं. एररमध्येच ‘अॅक्सेसएक्सटर्नलस्किमा’ या प्रॉपर्टीचं नाव दिसेल. ती ‘ऑल’ करून डब्ल्यूएसइम्पोर्ट चालवलं की एरर जातो. मात्र ही मोकळीक फक्त बिल्डच्या त्या एका कमांडपुरती द्या. बरेच जण सर्व्हरच्या जेआरईतल्या (जावा चालवणाऱ्या संचातल्या) प्रॉपर्टी फाईलमध्ये ती ओळ कायमची टाकून देतात, आणि मग बाहेरून आलेल्या कुठल्याही एक्सएमएलला तुमच्या सर्व्हरकडून हव्या त्या फाईली वाचवून घ्यायची वाट मोकळी होते. त्याहून चांगला उपाय म्हणजे सगळ्या एक्सएसडी स्थानिक फोल्डरमध्ये उतरवून घेणं आणि परवानगी फक्त 'फाईल'पुरती देणं. उतरवून घेण्याचं आणखी एक कारण पुढे येईलच.

दुसरी तक्रार, नाव रिझॉल्व्ह न होण्याची. इथे एररचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. हे मी रागाने म्हणत नाही. झर्सेस या पार्सरचा (एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामचा) हा संदेश इतका लांब असतो की सगळे पहिल्या ओळीवरच थांबतात. पुढे तो स्वतःच सांगतो, की हे नाव अमुक नेमस्पेसमधलं आहे, पण या स्किमातून त्या नेमस्पेसकडे बोट दाखवता येत नाही. नेमस्पेस बरोबर असेल तर इम्पोर्ट टॅग घाला. बहुतेक वेळा तेवढंच करायचं असतं. एकाच 'टाइप्स' ब्लॉकमध्ये दोन-तीन स्किमे शेजारी शेजारी बसलेले असतात. पहिला दुसऱ्यातला टाईप वापरतो, पण ‘मी त्याच्याकडून घेतोय’ असं सांगणारी इम्पोर्टची ओळ लिहायची राहिलेली असते. काही टूलं म्हणतात, शेजारीच तर आहे, समजून घेऊ. कडक टूल समजून घेत नाही. शेजारच्या स्किमासाठी त्या ओळीत नुसता नेमस्पेस पुरतो. फाईलचा पत्ता, म्हणजे स्किमालोकेशन, द्यावा लागत नाही.

पण थांबा. हीच तक्रार एका वेगळ्या कारणानेही येते, आणि ते कारण आपण स्वतः निर्माण केलेलं असतं. एडिटरमध्ये तपासता यावं म्हणून तुम्ही 'टाइप्स'मधला स्किमा कापून वेगळ्या एक्सएसडी फाईलमध्ये ठेवला होता का? बऱ्याच डब्ल्यूएसडीएलमध्ये प्रिफिक्सची ओळख, म्हणजे ‘टीएनएस म्हणजे अमुक नेमस्पेस’ ही घोषणा, अगदी वरच्या 'डेफिनिशन्स' टॅगवर असते. आतला स्किमा ती वारशाने वापरतो. कापून बाहेर काढला की वारसा तुटतो आणि प्रत्येक ‘टीएनएस:’ अनाथ होतो. स्किमा बाहेर काढायचाच असेल तर वरच्या सगळ्या नेमस्पेस घोषणा त्याच्या डोक्यावर आणून ठेवा. नाहीतर जी चूक मूळ फाईलमध्ये नाहीच ती दुरुस्त करत दिवस जाईल. माझा गेलाय.

आता खरं दुखणं: 'एस:स्किमा'. हे दिसलं की मी डोळे मिटून सांगतो, पलीकडे डॉटनेट आहे आणि कोणीतरी मेथडमधून सरळ 'डेटासेट' (डॉटनेटमध्ये टेबलं धरून ठेवणारं ऑब्जेक्ट) परत केलाय. फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि त्या ऑपरेशनचं 'रिझल्ट' एलिमेंट शोधा. आत सीक्वेन्समध्ये दोनच ओळी असतील: एक एलिमेंट, ज्याचा 'रेफ' 'एस:स्किमा' आहे, आणि त्याखाली 'एस:एनी'. ‘एस’ हा प्रिफिक्स खुद्द एक्सएमएल स्किमाच्याच नेमस्पेसचा. म्हणजे सेवा म्हणतेय, ‘उत्तरात आधी त्या उत्तराचा स्किमा पाठवीन आणि मग डेटा. डेटा काय असेल ते तेव्हाच कळेल.’ डॉटनेटची टूलं ही सांकेतिक खूण ओळखतात आणि समोर पुन्हा डेटासेट उभा करतात. बाकीच्यांना ते नुसतं ज्याचा ठावठिकाणा दिलेला नाही असं एक एलिमेंट दिसतं, कारण स्किमाचा तो नेमस्पेस कुणी इम्पोर्ट केलेला नसतो. काटेकोर बोलायचं तर इथे फाईलचीच चूक आहे. पण ती मायक्रोसॉफ्टच्या जनरेटरने केलेली असल्यामुळे तुमच्या व्हेंडरला त्याचा पत्ताही नसेल.

यावर दोन उपाय चालतात. पहिला, डब्ल्यूएसइम्पोर्टला बाइंडिंग म्हणून डब्ल्यूथ्रीसीचा स्किमाचा स्किमा देणं, आणि त्यातून होणाऱ्या नावांच्या टकरी टाळायला सोबत एक छोटी बाइंडिंग फाईल जोडणं. इंटरनेटवर हाच उपाय जास्त सापडतो. चालतो, पण मला आवडत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्किमाच्या व्याकरणाचेच ढीगभर क्लास येऊन पडतात, जे कोणीही कधी वापरणार नाही. वर बिल्ड दर वेळी डब्ल्यूथ्रीसीच्या सर्व्हरला धडका मारतो. त्यांनी 2008 मध्येच लिहिलं होतं, की अशा स्किमा आणि डीटीडीच्या (स्किमाआधीचा रचना सांगायचा प्रकार) मागण्या दिवसाला 13 कोटींपर्यंत जातात आणि म्हणून वारंवार येणाऱ्यांना ते मुद्दाम उशिरा उत्तर देतात किंवा अडवतात. आपला बिल्ड त्या रांगेत उभा करू नये.

मी करतो तो दुसरा उपाय. स्थानिक प्रतीत त्या दोन ओळी काढायच्या आणि त्यांच्या जागी एकच 'एनी' लिहायचं: कमीत कमी दोन, जास्तीत जास्त दोन, आणि 'प्रोसेसकन्टेन्ट्स' 'स्किप'. अर्थ तोच राहतो, की इथे दोन एलिमेंटं येतील, आत काय ते विचारू नकोस. तारेवरचा मेसेज एका अक्षराने बदलत नाही. आणि 'स्किप' दिल्यामुळे जावात थेट डॉम एलिमेंटांची, म्हणजे एक्सएमएलच्या झाडाच्या तुकड्यांची, यादी हातात येते. पहिलं एलिमेंट स्किमा, ते सोडून द्या. दुसरं 'डिफग्राम', म्हणजे डेटाचं वेष्टन. त्याच्या आत बहुधा 'न्यूडेटासेट', त्याच्या आत 'टेबल' नावाची एलिमेंटं, प्रत्येक म्हणजे एक ओळ. एक्सपाथने (एक्सएमएलमधली जागा शोधायची भाषा) फिरा आणि हवे ते कॉलम उचला. इथे एक खड्डा आहे: एखाद्या कॉलमची किंमत नल असेल तर डेटासेट ते एलिमेंट रिकामं पाठवत नाही, गाळूनच टाकतो. म्हणून ‘तिसरं मूल म्हणजे मोबाईल नंबर’ असा हिशेब कधी करू नका, नावानेच शोधा. मी एकदा क्रमाने मोजलं होतं. ज्या ग्राहकांचा मधला पत्ता कोरा होता त्यांच्या पिनकोडच्या जागी मोबाईल नंबर जाऊन बसले, आणि हे टेस्टिंगमध्ये नाही, लाइव्ह झाल्यावर चौथ्या दिवशी कळलं.

तुमच्या यादीत नाहीत, पण पुढच्या आठवड्यात भेटतील अशा काही गोष्टीही सांगून ठेवतो.

‘आमच्याकडे चालतं’ हे व्हेंडरचं वाक्य अनेकदा शब्दशः खरं असतं. सेवा डब्ल्यूसीएफवर (डॉटनेटची एएसएमएक्सनंतरची सेवा-पद्धत) असेल तर तिची डब्ल्यूएसडीएल एकसंध नसते. मुख्य फाईल दुसऱ्या डब्ल्यूएसडीएलकडे बोट दाखवते, ती चार एक्सएसडींकडे, आणि त्या सगळ्या पत्त्यांत सर्व्हरचं अंतर्गत नाव छापलेलं असतं. लोड बॅलन्सरच्या आतल्या माणसाला ते नाव कळतं, तुम्हाला बाहेरून कळत नाही. एका विम्याच्या कामात आम्ही दोन दिवस फायरवॉलच्या टीमशी भांडत होतो. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता सहज फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये खाली सरकवली, तर स्किमालोकेशनमध्ये त्यांच्या डेटा सेंटरमधल्या मशीनचं नाव! सेवा डॉटनेट 4.5 किंवा पुढची असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘?डब्ल्यूएसडीएल’ऐवजी ‘?सिंगलडब्ल्यूएसडीएल’ लावून पाहा, सगळं एका फाईलमध्ये मिळतं. जुन्या एएसएमएक्स सेवांना ही सोय नाही. तिथे हाताने उतरवा आणि पत्ते सापेक्ष करा.

तळाचा थर, म्हणजे निव्वळ एक्सएमएल, तपासायला एक मिनिट लागतं, म्हणून तो आधी तपासावा. फाईल मेलने आलीय का? ब्राउझरमधल्या रंगीत झाडावरून कॉपी केलीय का? जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमधून तशी कॉपी केली की टॅगांच्या आधीचे फोल्ड करायचे उणे चिन्हही सोबत यायचे. फाईलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) असेल आणि तुमचा कोड ती आधी स्ट्रिंगमध्ये वाचून मग पार्सरला देत असेल, तर ‘प्रोलॉगमध्ये मजकूर चालत नाही’ हा सुप्रसिद्ध एरर येतो. तीच फाईल बाइट स्ट्रीम म्हणून दिली तर येत नाही. डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरने एक्सएमएल लिहिलं की पहिल्या ओळीत युटीएफ-16 छापलं जातं, मग फाईल युटीएफ-8 मध्ये का सेव्ह केलेली असेना. आणि आपल्याकडचा खास अनुभव: फील्डमध्ये मराठी नावं असतील तर ती एकदा तरी प्रश्नचिन्हं होऊन येतात. उत्तराच्या हेडरमध्ये ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ आहे पण कॅरसेट (मजकुराच्या एन्कोडिंगचं नाव) नाही, असं असेल तर जुन्या नियमाप्रमाणे ते साधं अॅस्की धरलं जातं. हा नियम 2014 मध्ये बदलला, पण जुन्या लायब्ररीला ते कोण सांगणार? व्हेंडरला हेडरमध्ये कॅरसेट घालायला सांगा. या एका मागणीवर त्यांनी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

वरच्या थरातलं सगळ्यात वाईट दुखणं म्हणजे आरपीसी-एन्कोडेड. 'बाइंडिंग'मध्ये 'यूज' या अॅट्रिब्यूटसमोर 'एन्कोडेड' दिसलं तर डब्ल्यूएसइम्पोर्ट आणि सीएक्सएफ (जावाची सोप लायब्ररी) दोघंही स्पष्ट नकार देतात. तिथे 'लिटरल' लिहून टूलला गप्प करायचा मोह होतो. करू नका. क्लास तयार होतील, कंपाईलही होतील, पण उत्तर आलं की त्यात प्रत्येक एलिमेंटवर टाईपची चिठ्ठी असेल, आणि एकच पत्ता दोनदा येत असेल तर दुसऱ्या जागी नुसता ‘#आयडी0 पाहा’ असा दुवा असेल. लिटरल समजून वाचणाऱ्या कोडला तिथे रिकामं ऑब्जेक्ट मिळतं, एररसुद्धा येत नाही. वर केलेल्या 'एनी'च्या दुरुस्तीत आणि या दुरुस्तीत हाच फरक आहे: पहिलीने मेसेजचं वर्णन सैल होतं, दुसरीने ते खोटं होतं.

मग एन्कोडेडचं काय करायचं, ते परिस्थितीवर आहे. दोन-तीनच ऑपरेशनं लागत असतील तर मी टूलच्या नादी लागत नाही. सोपयूआयमधली चाललेली रिक्वेस्ट टेम्प्लेट म्हणून ठेवतो, किमती भरतो, एचटीटीपीने पाठवतो आणि उत्तर एक्सपाथने वाचतो. लोक याला नाक मुरडतात, पण असा कोड मी सात-आठ वर्षं न हलता चाललेला पाहिलाय. ऑपरेशनं चाळीस असतील तर पीएचपीचा सोपक्लायंट एन्कोडेड नीट समजतो. मधे एक छोटा पीएचपीचा पूल उभा करता येतो. जावातच हवं असेल तर अॅक्सिस 1.4 (जुनी सोप लायब्ररी) आहे, पण तो 2006 चा आहे, आणि एसएसएल सर्टिफिकेटवरचं नाव सर्व्हरशी जुळतं का हे तो तपासत नाही ही त्याची नोंदलेली खोट आहे. वापरायचाच तर वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडून, आणि आतल्या नेटवर्कपुरता.

पीएचपीचं नाव निघालंच आहे तर, तो डब्ल्यूएसडीएल कॅशमध्ये ठेवतो आणि मूळ सेटिंगमध्ये ती 86,400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, टिकते. तुम्ही फाईल दुरुस्त करता, काही फरक पडत नाही, पुन्हा करता, वैतागता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपोआप चालू झालेलं असतं. यात चमत्कार काही नाही. काम चालू असताना कॅश बंद ठेवा.

आणखी एक, ‘युनिक पार्टिकल अॅट्रिब्यूशन’चा एरर. पुढे फील्ड वाढवता यावीत म्हणून लोक स्किमाच्या शेवटी 'एनी' टाकतात आणि त्याच्या आधीचं एलिमेंट ऐच्छिक असतं. आता ते एलिमेंट आलं तर ते स्वतः म्हणून मोजायचं की 'एनी' म्हणून? पार्सरला ठरवता येत नाही, म्हणून तो अडतो. काही टूलं हे तपासतच नाहीत, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं झाकली जाते. एक्सएसडी 1.1 मध्ये, 2012 साली, हा नियम सैल झाला, पण सोपच्या जगातली टूलं 1.0 वरच राहिली. स्थानिक प्रतीत 'एनी'चा नेमस्पेस ‘##अदर’ केला की बहुधा भागतं. व्हेंडर त्या जागी आपल्याच नेमस्पेसमधली जादा फील्ड पाठवत नाही ना, एवढं जुन्या उत्तरांत पाहून घ्या.

तर तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो. सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये उतरवून, पत्ते सापेक्ष करून, मूळ प्रती जशाच्या तशा गिटमध्ये टाकल्या असत्या. साध्या पार्सरने प्रत्येक फाईल नुसती सुसूत्र एक्सएमएल आहे का ते पाहिलं असतं. 'एन्कोडेड' शब्द शोधला असता. सापडला तर वरचा निर्णय तिथेच, पुढे जायचंच नाही. नसेल तर डब्ल्यूएसइम्पोर्ट, आणि त्याच्या फक्त पहिल्या एररवर काम, कारण खालचे बरेचसे एरर पहिल्याचीच पिल्लं असतात. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये, एका ओळीच्या कारणासह. तयार झालेल्या जावा क्लासना मात्र हात लावायचा नाही. तिथे केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते, आणि तोवर ती कोणी आणि का केली होती हेही कोणाला आठवत नाही.

शेवटी जपून ठेवलेली ती दोन पाकिटं काढा. सोपयूआयची चाललेली रिक्वेस्ट आणि तुमच्या जावा कोडची रिक्वेस्ट शेजारी ठेवून पाहा. प्रिफिक्सची नावं वेगळी असली तरी चालतं, नेमस्पेस वेगळे असले तर नाही. रिकाम्या फील्डकडे विशेष लक्ष द्या: फील्ड गाळणं, 'निल' म्हणून पाठवणं आणि नुसता रिकामा टॅग पाठवणं, या तीन गोष्टी सेवेच्या लेखी वेगळ्या असू शकतात. तारखेच्या जागी रिकामा टॅग तर स्किमाप्रमाणे अवैधच आहे. उलट बाजूने डॉटनेटकडून ‘0001-01-01’ अशी तारीख आली, तर कोणी शककर्ता शोधू नका. तिकडे ती तारीख भरायची राहिलीय, एवढंच.

मी जावा 8 धरून लिहिलंय, कारण तुम्ही ती सांगितली. प्रोजेक्ट लवकरच पुढे जाणार असेल तर आजच ठरवून टाका: जावा 11 पासून डब्ल्यूएसइम्पोर्ट जेडीकेमध्ये येत नाही, तो मेवन प्लगइनमधून घ्यावा लागतो किंवा सीएक्सएफचा डब्ल्यूएसडीएल-टू-जावा वापरावा लागतो. स्प्रिंग बूट 3 वर जाणार असाल तर क्लास 'जावाएक्स'ऐवजी 'जकार्ता' पॅकेजचे लागतात, म्हणजे सीएक्सएफही 4 चा. दुरुस्त केलेली डब्ल्यूएसडीएल तशीच चालते, क्लास मात्र नव्याने काढावे लागतात.

आणि हे सगळं जमल्यावर ज्या एका गोष्टीने तुमच्या मशीनवर चालणारा कोड सर्व्हरवर पडतो, ती: डब्ल्यूएसइम्पोर्ट तयार केलेल्या सर्व्हिस क्लासमध्ये डब्ल्यूएसडीएलचा पत्ता कोरून ठेवतो, आणि तो क्लास रनटाईमला ती फाईल पुन्हा उघडतो. तुम्ही स्थानिक प्रत दिली असेल तर तिथे तुमच्या लॅपटॉपचा ‘सी ड्राइव्ह, युजर्स, डेस्कटॉप’ असा मार्ग असेल. व्हेंडरचा पत्ता दिला असेल तर रनटाईमला त्याचीच मूळ, न दुरुस्त केलेली फाईल वाचली जाईल आणि तुमची सगळी डागडुजी बाजूला पडेल. म्हणून कमांडमध्ये 'डब्ल्यूएसडीएललोकेशन'चा पर्याय देऊन दुरुस्त प्रत क्लासपाथवरून वाचायला लावा, आणि सेवेचा खरा पत्ता बाइंडिंगप्रोव्हायडरच्या एंडपॉइंट प्रॉपर्टीतून, कॉन्फिगरेशनमधून द्या. 'एस:स्किमा'ची दुरुस्ती करून पहिल्यांदा क्लास तयार झाले की आधी हेच तपासा: सर्व्हिस क्लास उघडा आणि वरच्या अॅनोटेशनमध्ये कोणाचा पत्ता लिहिलाय ते बघा.